फिनियस गेज: डोक्यातून पहार गेलेला माणूस आणि दुरून विचारलेली तब्येत

डोक्याला मार लागलेला माणूस हॉस्पिटलमधून घरी येतो. टाके निघालेत, तो चालतोय, बोलतोय, सगळ्यांना ओळखतोय. फाईलमध्ये सगळं ठीक आहे. मग महिन्याभराने घरचे हळूच सांगायला लागतात की तो पहिल्यासारखा राहिला नाही. लगेच चिडतो, एक काम धड पूर्ण करत नाही, पैशांचा हिशोब चुकतो. आता खरं काय, फाईल की घरचे?

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न मला फार ओळखीचा वाटतो. ऑफिसात टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि तेच ॲप खऱ्या युजरच्या हातात गेलं की वेगळंच वागतं. मेंदूच्या दुखापतीचंही काहीसं असंच असतं. पेशंट खरंच किती सावरला हे तपासणीच्या खोलीत पूर्ण कळत नाही, ते त्याच्या रोजच्या जगण्यात कळतं. म्हणूनच आज फोन कॉल, व्हिडिओ कॉल आणि ॲपमधून पेशंटची तब्येत दुरून तपासण्यावर इतकं काम चाललंय.

हे का आणि कसं, ते समजून घ्यायला सगळ्यात चांगली केस १७५ वर्षांपेक्षा जुनी आहे. तेव्हा स्मार्टफोन सोडा, साधा टेलिफोनही नव्हता.

२५ वर्षांचा मुकादम

फिनियस गेजचा जन्म १८२३ सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातला. १८४८ मध्ये तो शेजारच्या व्हर्माँट राज्यात रटलंड अँड बर्लिंग्टन रेल्वेच्या कामावर मुकादम होता. रेल्वेचा मार्ग काढायला डोंगर फोडायचा, त्यासाठी सुरुंग लावायचे, आणि ते काम करणारी टोळी सांभाळायची. ठेकेदारांच्या मते हा त्यांचा सगळ्यात कामाचा मुकादम होता. डोकं शांत, व्यवहाराला पक्का, ठरवलेलं काम तडीस नेणारा. ही माहिती लक्षात ठेवा, कारण इंजिनियरच्या भाषेत हा त्याचा बेसलाइन आहे. अपघातानंतर काय बदललं हे कळायला आधी काय होतं ते माहीत असावं लागतं.

सुरुंगाचं काम असं चालायचं: खडकात भोक पाडायचं, त्यात दारू आणि वात घालायची, वर वाळू टाकायची आणि लोखंडी पहारेने ते ठासायचं. वाळूमुळे ठिणगी दारूपर्यंत जात नाही. गेजने स्वतःसाठी खास पहार बनवून घेतली होती. लांबी साधारण ११० सेंटीमीटर, जाडी तीन सेंटीमीटरच्या आसपास, वजन सुमारे सहा किलो. एक टोक निमुळतं.

१३ सप्टेंबर १८४८, दुपारचे साडेचार

कॅव्हेंडिश नावाच्या गावाजवळ काम चालू होतं. गेजचं लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं, पहार खडकाला घासली असावी, ठिणगी पडली आणि दारू पेटली. पहार बंदुकीच्या गोळीसारखी उडाली. डाव्या गालातून आत शिरली, डाव्या डोळ्यामागून मेंदूच्या पुढच्या भागातून गेली, कवटीच्या वरच्या बाजूने बाहेर पडली आणि जवळजवळ २५ मीटर लांब जाऊन पडली.

गेज काही मिनिटांतच बोलायला लागला. बैलगाडीत ताठ बसून तो आपल्या मुक्कामाच्या जागी आला आणि डॉक्टरला काय झालं ते स्वतः सांगितलं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास डॉ. जॉन मार्टिन हार्लो आले. वय २८, गावातले साधे डॉक्टर. त्या काळी जंतूंची कल्पना नव्हती, अँटिबायोटिक नव्हतं. जखम चिघळली, आत पू झाला, गेज ग्लानीत गेला. परिस्थिती इतकी वाईट की त्याच्यासाठी शवपेटीही तयार ठेवली होती. हार्लोंनी पू काढून टाकला, आणि पोरगा वाचला.

डॉक्टरांच्या वहीतले छोटे सिग्नल

हार्लो रोजच्या नोंदी ठेवत होते. त्यातली एक गोष्ट मला खूप महत्त्वाची वाटते. गेजने नदीच्या जुन्या पात्रातून काही गोटे उचलून आणले होते. त्या गोट्यांचे हजार डॉलर दिले तरी तो द्यायला तयार नव्हता. त्याची स्मरणशक्ती चांगली होती, बोलणं स्पष्ट होतं, माणसं ओळखू येत होती. पण कशाची किंमत किती, हा अंदाज बिघडला होता.

दुसरी नोंद नोव्हेंबरमधली. हार्लो आठवडाभर गावात नव्हते. तेवढ्यात गेज जवळजवळ रोज बाहेर भटकत राहिला, कुणाचं ऐकेना, घरी जायचा हट्ट धरून बसला, पाय ओले करून घेतले आणि पुन्हा तापाने पडला.

२५ नोव्हेंबरला, म्हणजे अपघातानंतर अडीच महिन्यांच्या आत, तो न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावी आईवडिलांच्या घरी पोचला. हार्लोंनी ही केस छापली, पण मनात झालेल्या बदलांबद्दल नंतर लिहीन म्हणून तो भाग बाजूला ठेवला. ते 'नंतर' यायला २० वर्षं लागली.

बोस्टनचा निकाल: पूर्ण बरा

मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांना ही गोष्ट खरी वाटेना. शेवटी नोव्हेंबर १८४९ मध्ये हार्वर्डचे सर्जरीचे प्रोफेसर हेन्री बिगेलो यांनी गेजला बोस्टनला बोलावून घेतलं. काही आठवडे ठेवलं, तपासलं, डोक्याचा साचा काढला, इतर डॉक्टरांसमोर उभं केलं. डावा डोळा गेला होता, कपाळावर आणि डोक्यावर व्रण होते. ते सोडून शरीर आणि बुद्धी दोन्ही बऱ्यापैकी पूर्ववत झाल्या आहेत, असा बिगेलोंचा निष्कर्ष होता.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे तपासलं ते खरंच ठीक होतं. पण पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाला तिथे टोळी सांभाळायची नव्हती, पगार वाटायचा नव्हता, कुणाशी वाद झाला तर मिटवायचा नव्हता. जी कामं करताना दोष दिसला असता, ती त्या खोलीत नव्हतीच.

घरच्यांना काय दिसलं

आता याच काळातली दुसऱ्या बाजूची माहिती बघा. फेब्रुवारी १८४९ मध्ये गेज गोठ्यातलं, घोड्यांचं थोडंफार काम करायला लागला. नांगरणीचे दिवस आले तेव्हा अर्धा दिवस काम करू शकत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका डॉक्टरने चौकशी केली तेव्हा आईने सांगितलं की स्मरणशक्ती जरा कमी झालीये, पण परक्या माणसाच्या लक्षात येणार नाही इतकीच.

हे शेवटचं नीट वाचा. परक्याच्या लक्षात येणार नाही. डॉक्टरही परकाच असतो. आईकडे २५ वर्षांचा बेसलाइन होता, बिगेलोंकडे काही आठवड्यांचं निरीक्षण.

आणि ठेकेदार? ज्यांनी त्याला सगळ्यात कामाचा म्हटलं होतं, त्यांनीच मुकादमाची जागा परत द्यायला नकार दिला. हार्लोंच्या नंतरच्या वर्णनाप्रमाणे गेज आता लहरी झाला होता, तोंडात शिव्या असायच्या, मनाविरुद्ध सल्ला दिला की चिडायचा, एक बेत आखायचा आणि तो अर्धवट टाकून दुसरा धरायचा. मित्रांच्या मते हा त्यांचा गेज राहिलाच नव्हता.

गोष्ट तिथे संपत नाही

बऱ्याच पुस्तकांत गेजची गोष्ट इथेच संपते. पहार गेली, स्वभाव बिघडला, माणूस वाया गेला. त्यात दारू, भटकंती असा मसालाही टाकलेला असतो, ज्याला पुरावा नाही.

खरं आयुष्य पुढे बरंच होतं. न्यूयॉर्कमध्ये बार्नमच्या म्युझियममध्ये तो काही काळ आपली पहार घेऊन लोकांसमोर उभा राहिला. मग न्यू हॅम्पशायरच्या हॅनोव्हरमध्ये भाड्याच्या घोडागाड्यांच्या तबेल्यात दीड वर्षाच्या आसपास नोकरी केली. १८५२ मध्ये तो दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि तिथे काही वर्षं लांब पल्ल्याची घोडागाडी चालवली. वालपराइसो ते सांतियागो, साधारण १०० मैलांचा रस्ता, सहा घोडे.

हे सोपं काम नाही. पहाटे उठायचं, घोडे जुंपायचे, सामान चढवायचं, भाडं घ्यायचं, अनोळखी देशातल्या प्रवाशांशी नीट वागायचं आणि तासन्‌तास लक्ष ठेवून गाडी हाकायची. गेजवर अनेक वर्षं संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांचं म्हणणं असं की, ज्याला स्वतःवर अजिबात ताबा नाही तो हे वर्षानुवर्षं करू शकणार नाही. म्हणजे पहिल्या काही वर्षांत जे बिघडलं होतं ते रोजच्या ठरलेल्या कामाच्या शिस्तीत बऱ्याच अंशी सावरलं असावं. चिलीत त्याला ओळखणाऱ्या एका डॉक्टरनेही त्याची तब्येत आणि बुद्धी चांगली असल्याचं सांगितलं होतं.

मग खरा गेज कोणता? १८४९ चा की १८५८ चा? दोन्ही. मेंदूची दुखापत सावरणं म्हणजे एक फोटो नाही, तो वर्षानुवर्षं बदलत जाणारा ग्राफ आहे. आणि गेजच्या ग्राफवर मधले बहुतेक बिंदूच गायब आहेत, कारण कुणी विचारलंच नाही.

सॅन फ्रान्सिस्को

१८५९ मध्ये तब्येत ढासळायला लागल्यावर गेज चिली सोडून सॅन फ्रान्सिस्कोला आला. आई आणि बहीण तोपर्यंत तिकडे राहायला गेल्या होत्या. जरा बरं वाटल्यावर सांता क्लारा भागात शेतावर काम धरलं. पण फेब्रुवारी १८६० मध्ये फिट आली. मग येतच राहिल्या. या काळात तो कुठल्याच कामावर टिकत नव्हता. २१ मे १८६० रोजी एकामागून एक फिट येऊन तो गेला. वय ३६. दुखापत आणि मृत्यू यांच्यात साडेअकरा वर्षांचं अंतर होतं. त्याचं शवविच्छेदन झालं नाही, आणि हार्लोंना याचा पत्ताही नव्हता.

१८६६ चं पत्र

हार्लो आता मॅसॅच्युसेट्स राज्यात वोबर्न गावी राहत होते. गेजचा काहीच माग लागत नव्हता आणि आशा जवळजवळ सुटली होती. १८६६ मध्ये योगायोगाने त्याच्या आईचा पत्ता मिळाला आणि त्यांनी पत्र लिहिलं. अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, पेशंटला न बघता, टपालाने.

मला विचाराल तर मेंदूच्या दुखापतीचा दुरून घेतलेला हा सगळ्यात प्रसिद्ध फॉलो-अप आहे. आईच्या पत्रांतून हार्लोंना कळलं की गेज भाच्यांना आपल्या पराक्रमाच्या पूर्ण काल्पनिक गोष्टी रंगवून सांगायचा. त्याला मुलं, घोडे, कुत्रे यांचा फार लळा लागला होता. आणि ती पहार तो आयुष्यभर बरोबर बाळगत होता. कुठल्याही तपासणीत हे आलं नसतं.

हार्लोंच्या विनंतीवरून घरच्यांनी थडगं उघडू दिलं. कवटी आणि पहार हार्लोंकडे आली. आज दोन्ही हार्वर्डच्या वॉरन ॲनाटॉमिकल म्युझियमच्या संग्रहात आहेत. १८६८ मध्ये हार्लोंनी सविस्तर लेख वाचला आणि तेव्हा कुठे जगाला स्वभावातल्या बदलाची पूर्ण माहिती मिळाली. पुढे संशोधकांनी कॉम्प्युटरवर पहारेचा मार्ग परत उभा केला, १९९४ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये. पण कॉम्प्युटरला फक्त भोक कुठे पडलं ते कळतं. माणूस कसा वागला हे अजूनही आपल्याला त्या पत्रांवरूनच कळतं.

एक गडबड मात्र झाली. हार्लोंच्या लेखात मृत्यूचं साल १८६१ आहे. दफनाच्या नोंदीत ते १८६० निघालं. म्हणजे काही वर्षांनी आठवून सांगितलेल्या माहितीत आख्खं एक वर्ष सरकलं. दोष आईचा नाही, उशिरा विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

तेच काम आज फोनवर

१९७५ मध्ये ग्लासगोचे ब्रायन जेनेट आणि मायकेल बाँड यांनी मेंदूच्या दुखापतीनंतरची स्थिती मोजायला पाच पायऱ्यांची पट्टी दिली, ग्लासगो आउटकम स्केल. मृत्यूपासून चांगल्या सुधारणेपर्यंत. नंतर तिच्या आठ पायऱ्या झाल्या आणि १९९८ मध्ये ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत आली.

त्या मुलाखतीत तांत्रिक काहीच नाही. घरात रोज कुणाची मदत लागते का? एकटा राहू शकतो का? एकटा बाजारात जाऊन खरेदी करतो का? एकटा प्रवास करतो का? पूर्वीचं काम पूर्वीइतकं करतो का? मित्रांमध्ये मिसळतो का? घरात चिडचिड, भांडणं होतात का, आणि किती वेळा? आणि प्रत्येक ठिकाणी: दुखापतीआधी कसं होतं?

बघा, हे सगळे प्रश्न गेजच्या आईला आणि ठेकेदारांना विचारण्यासारखे आहेत. माझ्या अंदाजाने १८४९ चा अर्धा दिवस काम करणारा गेज या पट्टीवर 'मध्यम अपंगत्व' या गटात बसला असता. बिगेलोंनी मात्र त्याला वरच्या पायरीवर ठेवलं होतं.

यासाठी पेशंट समोर असावाच लागत नाही. समोर बसून आणि फोनवर घेतलेल्या मुलाखतींची २००३ मध्ये तुलना झाली, तेव्हा निकाल चांगले जुळले. क्रॅश नावाच्या मोठ्या अभ्यासात ४९ देशांतले १०,००८ पेशंट होते, आणि सहा महिन्यांनंतरची स्थिती टपालाने किंवा फोनवर प्रश्नावलीतून घेतली गेली. डोक्याच्या दुखापतीत पूर्वी सर्रास दिली जाणारी स्टेरॉइड्स फायद्याऐवजी मृत्यू वाढवतात, हे त्या अभ्यासाने दाखवलं. इतक्या माणसांना परत हॉस्पिटलात बोलावून मोजणं जवळपास अशक्यच होतं.

सेन्सरला काय कळतं, काय नाही

आता आपल्या खिशातल्या फोनकडे येऊ. त्यातला ॲक्सेलरोमीटर हालचाल मोजतो, त्यावरून पावलं आणि चालण्याची लय कळते. रात्री स्क्रीन किती वेळा चालू झाली यावरून झोपेचा अंदाज येतो. टायपिंगचा वेग, प्रतिक्रियेला लागणारा वेळ छोट्या गेममधून मोजता येतो. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे फोनमध्ये अपघाताआधीचा डेटाही असू शकतो. बेसलाइन!

पण मर्यादा ओळखा. गेजच्या खिशात फोन असता तर तो रोज किती चालला हे कळलं असतं. त्याने गोट्यांसाठी हजार डॉलर नाकारले, हे कळलं नसतं. सेन्सर हालचाल मोजतो, शहाणपण नाही. दुसरं म्हणजे, मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागलेल्या बऱ्याच पेशंटना स्वतःतला बदल जाणवतच नाही. ॲपमध्ये ते मनापासून 'मी ठीक आहे' वरच टिक करतील. म्हणून चांगल्या पद्धतीत जवळच्या माणसाला वेगळं विचारतात. तेही पेशंट शेजारी बसलेला नसताना, नाहीतर घरचे मोकळं बोलत नाहीत. अर्थात, ही माहिती कोण बघणार हे पेशंटला माहीत असायला हवं आणि त्याची संमती हवी.

घरात असा पेशंट असेल तर

आपल्याकडे टू-व्हीलरवरून पडलेला माणूस पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलमधून सुटून गावी जातो, आणि पुढच्या तपासणीला तितक्या लांब परत येणं प्रत्येकाला जमत नाही. अशा वेळी घरातला सगळ्यात चांगला फोन वापरणारा, म्हणजे बहुतेक वेळा तुम्हीच, हार्लोंचं काम करू शकता.

- पहिल्याच आठवड्यात, अपघाताआधी तो माणूस कसा होता ते दहा ओळींत लिहून ठेवा. काम, झोप, राग, पैसे, मित्र.
- दर आठवड्याला त्याच वारी तेच प्रश्न स्वतःला विचारा आणि तारीख टाकून नोंद करा. आठवून नाही, तेव्हाच्या तेव्हा.
- काय वाटलं ते नको, काय घडलं ते लिहा. 'विचित्र वागतो' यापेक्षा 'दुकानात शंभराऐवजी पाचशे दिले' हे डॉक्टरांना जास्त उपयोगी.
- फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलताना ही नोंद समोर ठेवा.
- फिट, वाढत जाणारी डोकेदुखी, परत परत उलट्या, न उठणारी झोप, हातापायातली ताकद जाणं, यातलं काही दिसलं तर ॲप, कॉल सगळं सोडून थेट हॉस्पिटल गाठा.

हार्लोंनी आपल्या पेशंटचा पत्ता शोधला तेव्हा त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. आपल्या फोनमध्ये तोच पत्ता एका नंबरवर असतो. फक्त वेळेवर विचारायचं, आणि ज्याने त्याला आधीपासून ओळखलंय त्याला विचारायचं.